परक्याचा दर

आमच्या गावाचं नाव कोन. नाव दोनच अक्षरांचं, पण सांगायला महाकठीण. 'हल्ली कुठे असता?' असं कुणी फोनवर विचारलं, की मी म्हणतो, 'कोन.' पलीकडचा म्हणतो, 'अहो, तुम्हीच! दुसरं कोण?' मग मी 'न'वर शक्य तेवढा जोर देऊन पुन्हा सांगतो आणि तो गृहस्थ, म्हातारपणी कान गेले वाटतं बिचाऱ्याचे, अशा दयाबुद्धीनं विषय बदलतो. वास्तविक मुंबईहून पुण्याला मोटारीनं जाणाऱ्या माणसानं कोनफाट्याचं नाव कधी ना कधी ऐकलेलं असतंच. फाटा सगळ्यांना ठाऊक आणि गाव कुणीच पाहिलेलं नाही, ही कोनची खरी ओळख.

मी स्वतः मूळचा कोनचा नव्हे. आयुष्यातली चाळीस वर्षं गिरगावातल्या एका चाळीत दीड खोलीत काढली आणि निवृत्तीनंतर मोकळ्या हवेच्या नादानं पनवेलपलीकडे दोन खोल्या घेतल्या. गिरगावात मी राहतो, हे सिद्ध करण्याची पाळी माझ्यावर चाळीस वर्षांत आली नव्हती. वाणी, दूधवाला, गणपतीच्या वर्गणीची पोरं, सगळ्यांना ते न सांगता ठाऊक होतं. कोनला आल्यावर मात्र पहिल्याच महिन्यात कळलं, की माणसानं नुसतं राहून भागत नाही; तो राहतो असा कागद लागतो. गॅस नव्या पत्त्यावर आणायचा तर पत्त्याचा पुरावा हवा. पुरावा म्हणून बँकेचं पुस्तक चालेल. बँकेच्या पुस्तकावर पत्ता बदलायचा तर काय हवं? गॅसची पावती!

शेजारचे म्हात्रे इथलेच. त्यांनी यावर तोड सांगितली. 'काका, रहिवासी दाखला काढून टाका. कचेरीत जायचं, थोडं चहापाण्याचं बघायचं, होऊन जाईल.'

'किती?'

'किती म्हंजे?'

'चहापाण्याचे किती?'

म्हात्र्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी लग्नाच्या मांडवात वधूपित्याला ताटाचा दर विचारला. म्हणाले, 'आता ते काय सांगायचं असतं का काका? समजून द्यायचं.'

इथे माझी गाडी अडली. मी जन्मभर एका विमा कंपनीत हिशेब लिहिले. देणं कितीही असो, मला त्याची भीती नाही. पण ज्याला दर नाही, पावती नाही आणि खातं नाही असा खर्च माझ्या स्वप्नात आला तरी मी दचकून उठतो. शिवाय 'समजून' द्यायला आधी समजायला हवं. म्हात्र्यांना ते समजतं, कारण त्यांचे आजोबा इथले. मी परवा आलेला. मला कुठून समजणार?

दाखल्याचं काम मी पुढे ढकललं. त्याच सुमारास माझा भाचा मिलिंद परदेशातून आला.

अक्काचं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचं, खुब्याचं ऑपरेशन होतं. मिलिंद आदल्या दिवशी पोचायचा होता, तो पोचला अकराव्या दिवशी. अक्का इस्पितळातून घरी आली होती. तिनं भिंतीकडे बघत विचारलं, 'रजा मिळाली नाही वाटतं?' मिलिंद म्हणाला, 'हो.' ते 'हो' खोटं होतं, हे मला त्या रात्री आमच्या गॅलरीत कळलं.

मिलिंद ज्या देशात नोकरी करतो त्याचं नाव मी सांगत नाही. त्याला अजून तिथेच राहायचं आहे. तिथे राहण्याच्या परवान्याची त्याची मुदत संपत आली होती. नवा परवाना हातात पडण्याआधी देश सोडला, तर परत आत घेतील याचा भरवसा नाही. बायको आणि मुलगी दोघी त्याच्याच परवान्यावर राहणाऱ्या. मुलीची शाळा तिथली. म्हणून त्यानं वेळेवर अर्ज केला. फी भिंतीवर लिहिलेली होती, ती भरली, पावती घेतली. पुढे काही हलेना. खिडकीवरचा माणूस दरवेळी फाईल चाळायचा आणि म्हणायचा, एक कागद कमी आहे. कोणता, ते सांगायचा नाही. इकडे अक्काच्या ऑपरेशनची तारीख ठरली. मिलिंद तिसऱ्यांदा गेला, चौथ्यांदा गेला. शेवटी रांगेतल्या एका ट्रक ड्रायव्हरनं त्याला बाजूला घेतलं. तोही परकाच, पण जुना परका. तो म्हणाला, 'बाबा रे, तुझा जो कागद कमी आहे ना, तो टाकसाळीत छापतात.'

'मग?' मी विचारलं.

'मग काय मामा? पाकिटात पैसे घातले. पण किती घालायचे? कमी घातले तर तो रागावणार. जास्त घातले तर... म्हणजे जास्तच गेले ना! बायकोला फोन केला. ती म्हणाली, जे मनात असेल त्याच्या दुप्पट घाल, पण आईंकडे जा. दुप्पट घातले. त्यानं पाकीट खणात उघडलं, खणातल्या खणात मोजलं आणि मामा, त्यातल्या दोन नोटा काढून मला परत दिल्या.'

'परत?'

'जास्त झाले होते. त्याचा दर ठरलेला होता. प्रामाणिक माणूस!'

मला हसू आलं. मिलिंद मात्र हसला नाही. बराच वेळ रस्त्यावरचे ट्रक बघत बसला. मग म्हणाला, 'पैसे गेले त्याचं काही नाही. पण त्या दोन नोटा परत घेताना मी त्याला थँक्यू म्हणालो. चांगलं वाकून म्हणालो. ते अजून डोक्यातून जात नाही. आईला सांगू नका.'

दुःखी माणसाचं सांत्वन करण्याचा मला एकच मार्ग येतो. मी त्याला इतिहास सांगतो. ऐकणाऱ्याचं दुःख हलकं होतं की नाही कुणास ठाऊक, पण निदान ते एकट्याचं राहत नाही. म्हटलं, 'अरे, परक्या मुलखात राहायचा कागद मिळवायला खिसा हलका करणारा तू काही पहिला नाहीस. आपल्याच जिल्ह्यात साडेतीनशे वर्षांपूर्वी हे होऊन गेलंय. आणि तेव्हा रांगेत उभा होता इंग्रज!'

आमचा जिल्हा रायगड. १९८१ सालापर्यंत त्याचं नाव कुलाबा होतं, मग गडाचं नाव जिल्ह्याला मिळालं. तर या रायगडावर मे १६७४ मध्ये मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन यायला निघाला. महाराजांचा राज्याभिषेक जवळ आला होता. पण साहेब काही नुसता अक्षता टाकायला येत नव्हता. त्याच्या खिशात कलमांची लांबलचक यादी होती. कंपनीला राजापूर, दाभोळ, चौल आणि कल्याण इथे वखारी घालून राहायची, व्यापार करायची परवानगी हवी होती. म्हणजे रहिवासी दाखलाच म्हणा, एकदम चार गावांचा.

अर्जदाराचं पूर्वचरित्र तितकंसं बरं नव्हतं. १६६० साली महाराज पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात असताना राजापूरच्या वखारीतल्या इंग्रजांनी तिथे जाऊन, वर आपलं निशाण लावून, गडावर गोळे उडवले होते. दुसऱ्याच वर्षी महाराजांनी राजापूर घेतलं, वखार लुटली आणि ही मंडळी कैदेत पडली. त्या लुटीची भरपाईसुद्धा ऑक्झिंडेनच्या यादीत होती! शेजाऱ्याच्या घरावर दगड मारायचा आणि मग त्याच्याकडेच दगडाचे पैसे मागायचे, याला व्यापारी बुद्धी लागते.

स्वारी मुंबईहून होडीनं चौलला पोचली ती रात्री. पोर्तुगीज चौलचे दरवाजे बंद झालेले. साहेबानं ती रात्र वेशीबाहेरच्या चर्चमध्ये काढली. परक्या माणसाचा पहिला अनुभव सगळीकडे सारखाच. आपण पोचतो तेव्हा खिडकी नुकतीच बंद झालेली असते. पुढे अष्टमी, निजामपूर करत मंडळी गडाच्या पायथ्याशी पाचाडला आली. तिथे कळलं, की महाराज प्रतापगडावर भवानीच्या दर्शनाला गेले आहेत. 'साहेब देवदर्शनाला गेलेत' हे उत्तर आपणही पुष्कळ कचेऱ्यांत ऐकलेलं आहे. फरक इतकाच, की रायगडावर ते खरं होतं.

ऑक्झिंडेनबरोबर दुभाषा म्हणून नारायण शेणवी होता. गडावर त्यांचा सगळा भार निराजीपंतांवर. हे निराजी रावजी म्हणजे अष्टप्रधानांतले न्यायाधीश. इंग्रजांचं म्हणणं वर पोचवायचं, वरचं उत्तर खाली आणायचं, कोणाला कधी भेटावं ते सांगायचं, हे सगळं त्यांनी केलं. मिलिंदच्या ट्रक ड्रायव्हरनं जे रांगेत केलं तेच, पण उघड आणि इतमामानं.

राज्याभिषेकाच्या दिवशी, ६ जूनला, इंग्रज मंडळी दरबारात गेली. गर्दी एवढी, की परक्यानं वाकून मुजरा केला तरी दिसणार कुणाला? तेव्हा नारायण शेणव्यानं नजर करायची हिऱ्याची अंगठी उंच धरली. महाराजांचं लक्ष गेलं आणि त्यांनी मंडळींना सिंहासनाच्या पायरीपर्यंत जवळ बोलावलं. ही झाली नजर. आणि त्याखेरीज ज्यांच्या हातून कागद फिरायचा त्या कारभाऱ्यांनाही भेटी गेल्या. पेशवे मोरोपंत, शिक्क्याचे कारभारी, वाकनीस, ज्याच्या त्याच्या मानाप्रमाणे पामऱ्या, म्हणजे अंगावर घ्यायची उंची वस्त्रं. कुणाला किती, हे इंग्रजांनी लिहून ठेवलं.

इथे मिलिंद म्हणाला, 'म्हणजे आपल्याकडेसुद्धा?'

म्हटलं, घाई करू नकोस. त्या काळी राजाकडे रिकाम्या हातानं जाणं म्हणजे लग्नाला आहेराशिवाय जाऊन पहिल्या पंगतीला बसण्यासारखं. नजर सगळ्या दरबारासमोर व्हायची. अंगठी कुणी खणात उघडून बघितली नाही, उंच धरली. आणि मुख्य म्हणजे, अंगठीनं काय मिळत नाही तेही इंग्रजांना तिथेच कळलं. कोकणच्या किनाऱ्याला वाहून आलेली फुटकी जहाजं आणि त्यांच्यावरचा माल कंपनीला परत मिळावा, असं एक कलम होतं. महाराज म्हणाले, हे कोकणच्या रिवाजाविरुद्ध आहे. तुम्हांला दिलं तर उद्या फ्रेंच, वलंदेज सगळेच मागतील. पामऱ्यांनी दार उघडलं, पण दाराच्या आतला निर्णय राज्याचा राज्यापाशीच राहिला. १२ जूनला करारावर सह्या झाल्या. वखारींची परवानगी मिळाली, भरपाई म्हणून दहा हजार होन कबूल झाले, आणि मंडळी गड उतरली.

जाता जाता एक. इंग्रजांना रोज अर्धा बकरा लागे. गडावर मांसाहार बेताचा. खाटीक म्हातारा होता. वर्षानुवर्षांत जेवढं मांस खपलं नाही तेवढं काही दिवसांत घेणारं हे गिऱ्हाईक आहे तरी कोण, म्हणून तो बिचारा एवढा गड चढून मुद्दाम बघायला आला. मला त्या सगळ्या प्रकरणात हा माणूस फार आवडतो. परक्यांकडून पैसे मिळाले म्हणून तो त्यांचं तोंड बघायला आला. बाकीची दुनिया पैसे मिळाले की तोंड फिरवते.

'पण हे सगळं कळलं कसं?' मिलिंदनं विचारलं.

कंपनीच्या कारकुनामुळे! हा कारकून म्हणजे माझ्या जातीचा माणूस. नजराणा असो, बक्षिसी असो की आणखी काही असो, खर्ची टाकल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नसे. ऑक्झिंडेनच्या वकिलातीची हकिगत पुढे जॉन फ्रायर नावाच्या डॉक्टरनं आपल्या प्रवासवर्णनात घातली आणि ते पुस्तक १६९८ साली लंडनला छापलंसुद्धा. पाकीट देऊन आल्यावर ते छापून प्रसिद्ध करायची सोय मिलिंदला होती का?

पण हीच नजर दर मैलाला मोजावी लागली, की तिचं काय होतं, हे पुढच्या इंग्रज वकिलानं पाहिलं. सर विल्यम नॉरिस. इंग्लंडच्या राजाचं पत्र घेऊन तो औरंगजेबाला भेटायला निघाला आणि एप्रिल १७०१ मध्ये बादशहाच्या छावणीत पोचला. छावणी कुठे? पुन्हा पन्हाळ्याखालीच! इंग्रजांच्या आणि पन्हाळ्याच्या पत्रिकेत काहीतरी होतं खास. नॉरिसनं पितळी तोफांपासून नाना वस्तू नजर केल्या. बादशहाला नजर, शहजाद्यांना नजर, वजिराला नजर, वजिराच्या माणसाला काहीतरी. महिने गेले, फर्मान काही मिळेना. समुद्रावरच्या चाच्यांचा बंदोबस्त आम्ही करू, असं लिहून द्या म्हणाले. ते नॉरिसला शक्य नव्हतं. शेवटी तो रिकाम्या हातानं निघाला, वाटेत बऱ्हाणपुराकडे त्याला अडवून ठेवलं, आणि १७०२ साली मायदेशी परतताना तो बोटीवरच वारला. या वकिलातीचा खर्च सुमारे ८०,००० पौंड झाला असं सांगतात. मिळालेला कागद शून्य.

गंमत पुढेच आहे. ज्या पन्हाळ्यापुढे बसून बादशहा नॉरिसला ताटकळत ठेवत होता, तो पन्हाळा त्याला स्वतःलाही लढून मिळेना. १७०१ च्या उन्हाळ्यात तो त्यानं घेतला तो किल्लेदाराला पैसे चारून. आलमगीर झाला म्हणून काय झालं? तोही दख्खनमध्ये परकाच. त्यालासुद्धा इथला दाखला चहापाण्याशिवाय मिळाला नाही.

मिलिंद पहिल्यांदा हसला. म्हणाला, 'बरं वाटलं. मी आणि औरंगजेब!'

म्हटलं, थांब, अजून इंग्रजांची शिकवणी पुरी व्हायची आहे. हे सगळं ते शिकत होते. १७१७ साली फर्रुखसियर बादशहाकडून त्यांनी एकदाचं फर्मान मिळवलं. त्यासाठी जॉन सर्मनची वकिलात दिल्लीला दोन वर्षं नजराण्यांच्या गाड्या घेऊन बसली होती. त्यातून बंगालात वर्षाला तीन हजार रुपये भरून जकातमाफ व्यापार करायचा हक्क मिळाला. त्याचा परवाना म्हणजे दस्तक. हा दस्तक कंपनीच्या मालापुरता होता. पण कंपनीचे गोरे नोकर तो स्वतःच्या मालालाही लावू लागले. काल खिडकीबाहेर उभा असलेला माणूस आज खिडकीच्या आत जाऊन बसला! १७५७ साली प्लासीनंतर क्लाइव्हनं नवाबाकडून लाखांनी नजराणे घेतले. शेवटी प्रकरण इतकं वाढलं, की १७७३ साली विलायतेच्या पार्लमेंटला कायदा करून कंपनीच्या अधिकाऱ्यांना भेटी घ्यायची बंदी करावी लागली. सुनेनं सासुरवास सोसला, की सासू झाल्यावर ती त्याची व्याजासकट वसुली करते. आपल्याकडे हे सांगायला पार्लमेंट लागत नाही.

आणि आपण तरी कुठे मागे होतो? पेशवाईच्या उत्तरार्धात मामलेदारांच्या हिशेबात एक खातंच असे, दरबारखर्च. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टननं १८१९ च्या आपल्या अहवालात या खात्याची जन्मकथा दिली आहे. मी ती वाचली तेव्हा एका हिशेबनिसाला दुसऱ्याबद्दल वाटावा तसा आदर मला त्या अज्ञात मामलेदाराबद्दल वाटला. झालं असं, की आधी हे पैसे गुपचूप जायचे, दरबारातल्या मंत्र्यांना आणि हिशेब तपासणाऱ्यांना. हळूहळू ते नेमाचे झाले, त्यांचा दर ठरला, आणि मग ते रीतसर हिशेबात दिसू लागले, तपासले जाऊ लागले. म्हणजे लाचेची फी झाली. आता प्रश्न मिटला असं आपल्याला वाटेल. पण फी झाल्यावर तिचा लाच म्हणून उपयोग काय? काम तर अडलेलंच. मग दरबारखर्चाच्या वर आणखी एक गुपचूप रक्कम गोळा होऊ लागली. आणि ही नाजूक बाब कुणी फार खोलात जाऊन तपासत नसल्यामुळे, मामलेदार वर पोचवायचा त्याहून जास्त स्वतःपाशीच ठेवायचा. हे सगळे पैसे यायचे अर्थात रयतेकडून. मिलिंदनं भिंतीवरची फी भरली, पावती घेतली आणि वर पाकीट दिलं; तो दरबारखर्चाचाच दुसरा मजला.

मला तेव्हा वाटलं, मी प्रश्न सोडवला. ऑक्झिंडेनची अंगठी आणि मिलिंदचं पाकीट यांत फरक कशाचा? रकमेचा नव्हे. अंगठी उंच धरली गेली आणि वहीत लिहिली गेली. पाकिटाला दर आहे, पण तो फक्त आतल्याला ठाऊक. आतल्याला जे ओळखीनं मिळतं, ते परक्याला अज्ञानाचा दंड भरून घ्यावं लागतं. आणि वर 'थँक्यू' म्हणावं लागतं. मी हा सिद्धांत मिलिंदला ऐकवला. तो म्हणाला, 'मामा, झोपू या आता.'

पंधरा दिवसांनी मिलिंद परत गेला. त्याला विमानावर सोडून मी अक्काकडे पनवेलला गेलो. ती काठी घेऊन चालायला लागली होती. मी चहा करायला उठलो तेवढ्यात ती म्हणाली, 'किती घेतले रे त्याच्याकडून?'

मी म्हटलं, 'कुणी?'

'वेड पांघरू नकोस. अकरा दिवस कुणाला रजा मिळत नाही का? पोरगं माझ्या डोळ्याला डोळा देत नव्हतं.' मी काहीच बोललो नाही. मग अक्का चहाच्या कपाकडे बघत म्हणाली, 'माझी पाटली हरवली होती, आठवतं? मिलिंद तिसरीत असताना?'

आठवत होतं. घरभर शोधली होती. मोलकरणीवर संशय घेतला होता. आमच्या आईनं तर नवस बोलला होता.

'हरवली नव्हती. ह्यांची लांब बदली झाली होती. ती थांबवायला दिली. ह्यांना ठाऊक नव्हतं, आईला नव्हतं, कुणाला नव्हतं. त्या बाईला मात्र काम सोडून जावं लागलं.' अक्का थोडा वेळ थांबली. 'पाटलीचं काही नाही वाटत. ती बाई अजून आठवते.'

माझा सिद्धांत तिथे पुरा झाला. मी दराचा आणि पावतीचा विचार करत बसलो होतो. पण जे वहीत लिहिता येत नाही ते घरातसुद्धा सांगता येत नाही. खरी किंमत तिथे जाते. मुलगा आईला म्हणतो रजा मिळाली नाही. आई म्हणते पाटली हरवली. आणि कुठली तरी परकी बाई, जिचा त्या कचेरीशी सुतराम संबंध नाही, ती चोर ठरते.

दुसऱ्या दिवशी मी दाखल्यासाठी कचेरीत गेलो. आता खरं सांगतो, सिद्धांत वगैरे सगळं ठीक, पण सदऱ्याच्या आतल्या खिशात एक पाकीट होतं. म्हात्र्यांच्या शब्दाबाहेर जायची माझी छाती नव्हती. तसा मी कायद्याची माहिती काढून गेलो होतो. लाच घेणं हा गुन्हा आहेच, पण २०१८ च्या दुरुस्तीपासून देणाराही गुन्हेगार. जबरदस्तीनं द्यावी लागली असेल तर सात दिवसांत कळवायचं, म्हणजे सुटका. मी मनात सात दिवस मोजूनही ठेवले होते.

कचेरीत भिंतीवर फलक होता. कोणता दाखला, किती दिवसांत, फी किती, न मिळाल्यास अपील कोणाकडे. २०१५ साली महाराष्ट्रात लोकसेवा हक्काचा कायदा झाला तेव्हापासून असे फलक लावायचे असतात. मी तो फलक दोनदा वाचला. फलकाला दर आहे हे दिसलं. पण फलकाच्या खाली दुसरा मजला आहे की नाही, हे काही लिहिलेलं नव्हतं.

टेबलामागे मुलगी बसली होती, माझ्या नातीच्या वयाची. तिनं अर्ज घेतला आणि मान वर न करता विचारलं, 'तुमी कोनचे?'

गिरगावी सवयीनं मी म्हणालो, 'मूळचा रत्नागिरीकडचा. मग गिरगाव...'

'तसं नाय हो काका. कोनचे ना तुमी? कोनचे?'

'हो हो, कोनचाच.'

तिनं फी घेतली. फलकावर होती तेवढीच. पावती फाडून दिली. मी उभाच राहिलो. हात खिशाकडे गेला. घाम फुटला. ती म्हणाली, 'काय राहिलंय?'

'नाही, म्हणजे... आणखी काही?'

'आणखी काय? सही करा इथं. आणि बसा ना, उन्हातून आलात.' तेवढ्यात पोऱ्या चहा घेऊन आला. तिनं एक कप माझ्याकडे सरकवला. 'घ्या काका.'

मी जन्मात पुष्कळ कचेऱ्यांत चहापाणी हा शब्द ऐकला आहे. चहा टेबलाच्या पलीकडून अलीकडे आलेला त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. पाणचट होता, साखर फार होती. शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलो.

संध्याकाळी म्हात्र्यांना हे सांगितलं तर ते म्हणाले, 'नवीन आहे पोरगी.' असेल. नवी आहे तोवर तरी तिला कुणी समजावून सांगू नये, एवढंच माझं मागणं.

रात्री हिशेबाची वही काढली. 'रहिवासी दाखला, फी पावतीप्रमाणे,' असं लिहून पावती टाचली. त्याखाली लिहिलं, 'चहा एक, कचेरीकडून.' मग आणखी एक खातं उघडलं, दरबारखर्च, आणि त्यात एकच नोंद केली. 'अक्काची पाटली, नग एक.' तारीख ठाऊक नव्हती, ती जागा मोकळी सोडली.

सौ.नं चष्मा लावून वही पाहिली. 'हे कसलं खातं काढलंत नवीन?'

म्हटलं, 'नवीन नाही. जुनी बाकी आहे.'